गणित ही भाषा आहे का?

प्रश्न असा आहे: "गणित ही विश्वाची भाषा आहे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तत्त्वज्ञानात गणित आणि भाषा यांचं नातं नेमकं कसं मानतात? गणित ही इतर भाषांसारखीच आणखी एक भाषा समजायची का?"

तर्कशास्त्र आणि गणिताचं तत्त्वज्ञान मी बरीच वर्षं शिकवत आलो आहे, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर आधी सांगतो आणि कारणं मग. गणित ही भाषा नाही. गणिताला भाषा लागते, आणि तिच्यावाचून त्याचं पाऊल फार पुढे पडत नाही. पण कोणती चिन्हं वापरायची, कशाला काय म्हणायचं हे आपल्या हातात असतं. म्हटलेलं खरं निघेल की खोटं, हे आपल्या हातात नसतं.

"विश्वाची भाषा" हे शब्द गॅलिलिओकडून आले आहेत. १६२३ साली धूमकेतूंवरच्या एका वादात त्यानं लिहिलं की निसर्गाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिलेला आहे आणि त्रिकोण, वर्तुळं या त्यातल्या लिपीच्या खुणा आहेत. थोर लेखकांचे दाखले देऊन निसर्गाविषयीचे वाद मिटवता येतात असं मानणाऱ्यांना दिलेलं ते उत्तर होतं. म्हणजे ते निसर्ग कसा अभ्यासावा याविषयीचं विधान होतं, गणित म्हणजे काय याविषयीचं नव्हतं. पुढे ते वाक्य संदर्भातून सुटलं आणि गणिताची व्याख्या म्हणून वापरलं जाऊ लागलं.

भाषेत आपण काय काय करतो ते बघा. विचारतो, विनवतो, वचन देतो, खोटं बोलतो, "काल" आणि "उद्या" म्हणतो, समोरच्याला "तू" म्हणतो. गणिताच्या चिन्हांना यातलं काहीच जमत नाही. गणिताचं कुठलंही पुस्तक उघडा: "समजा", "म्हणून", "याउलट" हे सगळं कुठल्या तरी बोलीभाषेतच असतं आणि चिन्हं त्या वाक्यांत शब्दांच्या जागी बसलेली असतात. शिवाय चिन्हं नसतानाही गणित होतंच. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीनं बीजगणितावरचा ग्रंथ लिहिला तो संपूर्ण शब्दांत. त्याचं एक गाजलेलं उदाहरण असं: एका संख्येच्या वर्गात त्या संख्येची दहापट मिळवली तर ३९ होतात, ती संख्या कोणती? त्याची रीत अशी: दहाचे निम्मे करा, पाच. त्याचा वर्ग पंचवीस. तो ३९ मध्ये मिळवा, चौसष्ट. त्याचं वर्गमूळ आठ. त्यातून मघाचे पाच वजा करा, तीन राहिले. ताळा करून पाहा: नऊ आणि तीस, एकोणचाळीस. आज शाळेत आपण वर्गसमीकरणाचं जे सूत्र घोकतो तेच हे, फक्त एकही चिन्ह न वापरता.

मग चिन्हांनी मिळवलं काय? माझ्या मते पुष्कळ, आणि तत्त्वज्ञानातले बरेच लोक हा मुद्दा घाईत सोडून देतात. बरोबरीचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डनं आणलं. १५९१ मध्ये व्हिएतनं अज्ञात राशींप्रमाणेच ज्ञात राशींसाठीही अक्षरं वापरायला सुरुवात केली. त्याआधी प्रत्येक समीकरण सुटं होतं. आता "अशा प्रकारची सगळी समीकरणं" एका ओळीत मांडता येऊ लागली आणि खुद्द सूत्राविषयी प्रश्न विचारता येऊ लागले. याहून विलक्षण गोष्ट इटालियन गणितज्ञ बॉम्बेलीची. १५४५ मध्ये कार्दानोनं घनसमीकरणं सोडवायची रीत छापली होती. ती "क्ष चा घन = १५ क्ष + ४" या समीकरणाला लावली की मध्येच उणे १२१ चं वर्गमूळ येऊन उभं राहतं. असली संख्या तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. पण समीकरणाचं उत्तर तर समोर दिसत होतं: ४. चौसष्ट बरोबर साठ अधिक चार. बॉम्बेलीनं १५७२ च्या आपल्या ग्रंथात त्या विचित्र मुळांना नावं दिली, गुणाकाराचे नियम ठरवले आणि धीर न सोडता हिशेब पुढे रेटला. "२ अधिक उणे एकचं वर्गमूळ" याचा घन केला की "२ अधिक उणे १२१ चं वर्गमूळ" मिळतं. म्हणजे सूत्रातल्या दोन घनमुळांपैकी एक "२ अधिक उणे एकचं मूळ", दुसरं "२ वजा उणे एकचं मूळ". बेरीज केली की अडचणीचा भाग उडून जातो आणि ४ उरतात.

इथे लेखन पुढे गेलं आणि अर्थ मागून आला. लिहिता येत होतं, नियमानं हाताळता येत होतं, उत्तर बरोबर येत होतं. लिहिलेलं नेमकं कशाविषयी आहे हे समाधानकारकपणे सांगायला आणखी दोन शतकांहून जास्त काळ लागला. गणित ही भाषाच आहे असं म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. पण याच गोष्टीत दुसरी बाजूही आहे. नियम बॉम्बेलीनं ठरवले, पण ते पाळल्यावर ४ येतील हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. ५ आले असते तर त्याला नियम टाकून द्यावे लागले असते.

भाषा गणिताला अडवतेही. "प्रत्येक कुलपाला लागणारी एक किल्ली आहे" हे वाक्य घ्या. प्रत्येक कुलपाची आपापली किल्ली आहे, की एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते? वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. बोलताना संदर्भामुळे अडत नाही, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. गणितात मात्र अडतं. १८२१ मध्ये कोशीनं एक प्रमेय दिलं: संतत (म्हणजे आलेखात कुठेही न तुटणाऱ्या) फलांची अनंत श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक किमतीकडे जात असेल, तर ती बेरीजही संतत असते. १८२६ मध्ये आबेलनं दाखवलं की याला अपवाद आहेत. साइन क्ष − (१/२) साइन २क्ष + (१/३) साइन ३क्ष − … या श्रेणीतलं प्रत्येक पद संतत आहे, ती सगळीकडे अभिसारी आहे, आणि तरी बेरीज ठरावीक ठिकाणी एकदम तुटते. दोष कुठे होता? "प्रत्येक बिंदूसाठी एक असा टप्पा आहे की त्यापुढे बेरीज अंतिम बेरजेच्या हवी तितकी जवळ येते" या वाक्यात. तो टप्पा प्रत्येक बिंदूचा वेगळा, की सगळ्यांचा मिळून एकच? पहिल्या अर्थानं प्रमेय खोटं, दुसऱ्या अर्थानं खरं. किल्लीचाच घोटाळा. (कोशीच्या मनात नेमकं काय होतं यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण त्याच्या शब्दांतून हा फरक स्पष्ट होत नाही हे खरं.) पुढे वायरश्ट्रास आणि त्याच्या शिष्यांनी "प्रत्येक" आणि "एखादा" यांचा क्रम काटेकोर पाळण्याची जी शिस्त घालून दिली, ती आज प्रत्येक विद्यार्थ्याला रडवते, ती आली ती अशा अडचणींतून.

ही शिस्त चिन्हांत बांधली गॉटलोब फ्रेगेनं, १८७९ मध्ये. "सर्व", "काही" हे शब्द एकात एक कितीही खोल गुंतले तरी कोण कुणाच्या कक्षेत आहे ते स्पष्ट दिसेल अशी लेखनपद्धती त्यानं तयार केली. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्राकडे त्यासाठी नेमकं साधन नव्हतं. विसाव्या शतकातलं भाषेचं तत्त्वज्ञान बऱ्याच अंशी इथून निघतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शब्दाला अर्थ कसा असतो, नावाचा वस्तूशी संबंध काय, हे आधुनिक तत्त्वज्ञानातले प्रश्न अंकगणिताच्या पायाविषयीच्या काळजीतून उभे राहिले.

१८८४ च्या पुस्तकात फ्रेगे विचारतो: "चार" हे कशाचं वर्णन? हातात पत्त्यांचा जोड दिला आणि "हे किती?" असं विचारलं, तर उत्तर देता येत नाही. जोड म्हटलं तर एक, पत्ते म्हटलं तर बावन्न. हातातली वस्तू तीच आहे. मग संख्या वस्तूचा गुण कशी असेल? फ्रेगेचं म्हणणं, संख्येचं विधान हे संकल्पनेविषयीचं विधान असतं: "या जोडातला पत्ता" या संकल्पनेखाली बावन्न वस्तू येतात.

हा प्रश्न आपल्याकडेही कसून चर्चिला गेला आहे आणि तो अभ्यासक्रमाबाहेर राहतो याची मला खंत आहे. भारतीय तत्त्वज्ञानातल्या वैशेषिक दर्शनात संख्या हा द्रव्यात, म्हणजे वस्तूत, राहणारा गुण. पण गुणात गुण राहत नाही असाही त्यांचाच नियम. मग "गुण चोवीस आहेत" हे त्यांचंच वाक्य कसं बोलायचं? चोवीस ही संख्या गुणांत कशी राहील? शिवाय दोन घट समोर असताना "दोनपण" राहतं कुठे? एकेका घटात राहतं म्हणावं तर एकच घट दाखवून "हे दोन" म्हणता आलं पाहिजे. नव्यन्यायात, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या परंपरेत, यासाठी "पर्याप्ती" नावाचा संबंध मांडला गेला: द्वित्व दोघांत मिळून पुरं होतं, एकात पुरं होत नाही. रघुनाथ शिरोमणीनं तर संख्येला गुणांतून बाहेर काढून वेगळा पदार्थ मानलं. फ्रेगेशी असलेलं साम्य उघड आहे. फरकही तेवढाच मोठा आहे. वैशेषिकांच्या मते द्वित्व हे अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे "हा एक, हा एक" अशा ज्ञानातून उत्पन्न होतं आणि ती बुद्धी गेली की नाहीसं होतं. संख्या मनावर अवलंबून आहे हे फ्रेगेला साफ नामंजूर होतं. या मुद्द्यावर मी फ्रेगेच्या बाजूनं आहे. पण "चोवीस गुण" ही अडचण आपल्याच वाक्यात पकडणाऱ्या परंपरेनं भाषा किती बारकाईनं ऐकली असेल, हे विसरू नये.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९०२ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या पत्रानं फ्रेगेच्या पद्धतीतली विसंगती उघड केली. गणितज्ञ हिल्बर्टनं ठरवलं की चिन्हांच्या अर्थाचा वाद बाजूला ठेवू आणि त्यांच्या नियमांतून कधीही विसंगती निघत नाही एवढं सिद्ध करू. याउलट डच गणितज्ञ ब्राउवर म्हणत होता की गणित ही मनाची रचना आहे, तिला भाषाच लागत नाही. भाषा म्हणजे आठवण ठेवण्याचं आणि दुसऱ्याला सांगण्याचं एक कच्चं साधन. पण १९३० मध्ये त्याचाच शिष्य हेटिंग यानं ब्राउवरला मान्य होईल अशा तर्काचे नियम चिन्हांत मांडले, आणि आज ब्राउवरचा विचार बहुतेकांपर्यंत पोचतो तो त्या चिन्हांमधून.

१९३१ मध्ये ग्यॉडेलनं सिद्ध केलं की अंकगणित मावेल एवढी, यांत्रिकपणे तपासता येतील अशी स्वयंसिद्धं (सिद्धतेशिवाय गृहीत धरलेली विधानं) असलेली आणि सुसंगत अशी कोणतीही पद्धती घ्या, तिच्यात सिद्धही न होणारं आणि खोडूनही न काढता येणारं वाक्य सापडतंच. पाठोपाठ तार्स्कीनं दाखवलं की अशा भाषेतल्या सत्याची व्याख्या त्याच भाषेत करता येत नाही. "माणूस यंत्रापेक्षा श्रेष्ठ" वगैरे निष्कर्ष यातून निघत नाहीत, ते ओढूनताणून काढलेले असतात. पण आपल्या प्रश्नापुरतं यातून एक नक्की निघतं. गणित म्हणजे अमुक एक भाषा आणि गणितातलं सत्य म्हणजे त्या भाषेचे नियम जे सिद्ध करू देतात ते, हे समीकरण टिकत नाही. गणिताला भाषेच्या नियमांवर उभं करू पाहणाऱ्या तत्त्वज्ञ कार्नापला हे ठाऊक होतं. १९३४ मध्ये त्यानं म्हटलं की एका भाषेत गणित मावणार नाही, अधिकाधिक समृद्ध भाषांची अनंत मालिका लागेल. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण मग मालिकेतली पुढची भाषा कुठली, हे आपण कशाच्या आधारे निवडतो? तो आधार भाषेच्या आत नाही.

"गणित म्हणजे संकेत", म्हणजे आपण आपसांत ठरवून घेतलेले नियम, या मताला आणखी एक जुना आक्षेप आहे, १८९५ साली लुइस कॅरलनं एका छोट्या संवादात मांडलेला आणि अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइननं १९३६ मध्ये धारदार केलेला. समजा, तर्काचे नियमही आपण संकेतानं ठरवले. संकेत मोजके, प्रसंग अनंत. मग सर्वसाधारण संकेतावरून या विशिष्ट प्रसंगी काय निघतं हे ठरवायला पुन्हा तर्कच लागतो. तो कुठल्या संकेतानं आला?

विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो विटगेनश्टाइन. एका मुलाला आपण "दोन मिळवत जा" असं शिकवतो. तो हजारपर्यंत बरोबर जातो आणि पुढे लिहितो: १००४, १००८, १०१२. आपण म्हणतो, चुकलास. तो म्हणतो, मी तर आधीसारखंच करतोय. आतापर्यंतची त्याची सगळी उदाहरणं आपल्या नियमाशीही जुळतात आणि "हजारपर्यंत दोन, पुढे चार मिळव" या त्याच्या नियमाशीही. मग "दोन मिळव" चा अर्थ अमुकच, हे कशानं ठरलं? १९८२ मध्ये क्रिप्कीनं हाच प्रश्न ६८ अधिक ५७ घेऊन मांडला: उत्तर १२५ च का, ५ असं का नाही? मला हा युक्तिवाद खरा वाटतो, पण त्याचा रोख नीट बघितला पाहिजे. चिन्ह स्वतःच्या बळावर अर्थ धरून ठेवत नाही, त्यामागे माणसांचा चालत आलेला व्यवहार लागतो, इतकं तो दाखवतो. हे "लाल" या शब्दालाही तितकंच लागू आहे, आणि त्यावरून लाल रंग हा भाषेचा भाग आहे असं कुणी म्हणत नाही. १९३९ च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत विटगेनश्टाइननं विचारलं की विसंगतीला एवढं घाबरायचं कशाला? ऐकणाऱ्यांत संगणकशास्त्राचा पाया घालणारा गणितज्ञ ट्युरिंग होता. त्याचं म्हणणं, अशा गणितावर पूल बांधला तर तो कोसळू शकेल. मी ट्युरिंगच्या बाजूचा आहे.

नातं उलट्या दिशेनंही चालतं, म्हणजे भाषेचाच गणितानं अभ्यास होतो. पाणिनीनं सुमारे ४००० सूत्रांत संस्कृतचं व्याकरण अशा शिस्तीनं बांधलं की कोणता नियम कुठे लागू आणि दोन नियम भिडले तर कोणता वरचढ, याचेही नियम त्यात आहेत. १९७० मध्ये तर्कशास्त्रज्ञ मॉण्टेग्यूनं तर असं ठामपणे मांडलं की नैसर्गिक भाषा आणि तर्काच्या कृत्रिम भाषा यांत सैद्धांतिक दृष्ट्या महत्त्वाचा फरकच नाही. "बहुतेक" या साध्या शब्दाचा अर्थ "सर्व" आणि "काही" यांची कितीही जुळवाजुळव करून बांधता येत नाही, हे अशाच अभ्यासातून सिद्ध झालं. मात्र भाषेचं गणित करता येतं यावरून गणित ही भाषा ठरत नाही. हवामानाचंही गणित करता येतं.

आता मेंदूच्या अभ्यासाकडे, कारण प्रश्न तत्त्वज्ञानाचा असला तरी हे पुरावे टाळून चालणार नाही. २००४ मध्ये अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या भाषेत साधारण पाचापुढे संख्यांना नावं नाहीत. ठिपक्यांचे मोठे ढीग दाखवून "जास्त कुठले?" असं विचारलं की ते व्यवस्थित उत्तर देतात, पण चार-पाचाच्या पुढची नेमकी वजाबाकी त्यांना जमत नाही. दुसऱ्या बाजूला, २००५ मध्ये वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या, काही रुग्णांचा अभ्यास आला. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली तर वाक्याचा अर्थ बदलतो, हे त्यांना कळेनासं झालं होतं. पण कशातून काय वजा करायचं आणि कंस आधी सोडवायचा, हे त्यांना बरोबर कळत होतं. २०१६ मध्ये आमाल्रिक आणि दहान यांनी गणितज्ञांच्या मेंदूची चित्रं घेतली. उच्च गणितातल्या विधानांवर विचार करताना जे भाग काम करत होते, ते भाषेच्या नेहमीच्या भागांपासून वेगळे निघाले. हे सगळं एकत्र ठेवलं तर माझं वाचन असं: नेमक्या संख्येपर्यंत पोचायला शब्दांची शिडी लागते, पण पोचल्यावर चालायला तीच शिडी लागत नाही. अर्थात, मेंदूचा कुठला भाग काम करतो यावरून संख्या म्हणजे काय हे ठरत नाही. त्याचा विचार तत्त्वज्ञानालाच करावा लागतो.

आणि तिथे सगळ्यात अवघड गाठ १९७३ मध्ये तत्त्वज्ञ पॉल बेनासेराफनं दाखवली. "न्यूयॉर्कहून जुनी अशी निदान तीन मोठी शहरं आहेत" आणि "१७ हून मोठ्या अशा निदान तीन परिपूर्ण संख्या आहेत" या दोन वाक्यांची घडण एकच आहे. (परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, जशी २८.) पहिलं खरं असायला शहरं असावी लागतात, मग दुसरं खरं असायला संख्या असायला हव्यात. शहरं पाहता येतात, त्यांच्यापर्यंत जाता येतं. संख्या कुठेच नसतात, कशावर परिणाम करत नाहीत. मग त्यांच्याविषयी आपल्याला कळतं तरी कसं? भाषेवर विश्वास ठेवला तर ज्ञानाचा हिशेब लागत नाही, आणि ज्ञानाचा हिशेब लावायला गेलं तर भाषेचा साधा अर्थ सोडावा लागतो.

मी यातून वाट काढतो ती बेनासेराफच्याच १९६५ च्या लेखातून. संख्या म्हणजे संच असं मानलं, तरी झेर्मेलोच्या पद्धतीत ३ हा संच वेगळा आणि फॉन नॉयमनच्या पद्धतीत वेगळा. "१ हा ३ या संचाचा घटक आहे का?" याला एकाचं उत्तर "नाही", दुसऱ्याचं "हो". अंकगणित मात्र दोघांचं तंतोतंत सारखं. म्हणून "तीन" हे शहरासारखं एखाद्या वस्तूचं नाव नव्हे. ती एका रचनेतली जागा आहे, दोनानंतरची आणि चाराआधीची. वाक्याची घडण शहराच्या वाक्यासारखी दिसते, कारण भाषेला जागेविषयी बोलायचं असलं तरी नामच वापरावं लागतं. त्या रचनेतले संबंध आपण नमुन्यांवरून ओळखतो, मोजण्यातून शिकतो, चिन्हांनी लांबवर नेतो. पण एकदा जागा ठरल्या की ७ नंतरची मूळ संख्या ११ येते, मग ती कुठल्याही भाषेत सांगा.

तुम्हाला हा विषय स्वतः वाचायचा असेल तर फ्रेगेच्या १८८४ च्या पुस्तकापासून सुरुवात करा. त्यात चिन्हं जवळजवळ नाहीत आणि वाद घालण्याची पद्धत अजूनही ताजी आहे. त्यानंतर बेनासेराफचे वरचे दोन लेख. विटगेनश्टाइन सगळ्यात शेवटी. तो आधी वाचला तर ज्या मतांवर तो तुटून पडतो आहे ती किती बळकट होती, हे कळत नाही.